दादाचं नाक

बोराळकर सरांनी कधी कुठल्या मुलाला मारलं नाही. हे ते स्वतः अभिमानानं सांगायचे आणि ते खरंही होतं. आमच्या शाळेत तेव्हा पट्टी, छडी, कान पिळणं सगळं सर्रास चालायचं. सरांच्या हातात मात्र खडूशिवाय काही नसे. तरी ज्याला गणित येत नाही अशा मुलाला बाकी कुणाच्याही छडीपेक्षा सरांचा तास नको वाटायचा. फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोराकडं ते बराच वेळ नुसते बघत राहत. मग अगदी मायेनं विचारल्यासारखं हळूच विचारत, "वडील काय करतात?" पोरगं सांगायचं, चादरीच्या कारखान्यात मागावर आहेत. "मग त्यांना सांग, शेजारचा माग धरून ठेवा. तुझी सोय करायची आहे." वर्ग हसायचा. हसावंच लागायचं, कारण जो हसत नसे त्याला पुढच्या गणिताला उठवलं जाई.

मला ते 'बाकी' म्हणत. भागाकार संपला की तळाशी उरते ती. माझ्या लग्नातही आले, आहेर हातात दिला आणि म्हणाले, "काय बाकी, गेलीस का एकदाची?" माझ्या नवऱ्याला वाटलं, हे माझं माहेरचं लाडाचं नाव असावं. त्यानं ते आठवडाभर वापरलं.

खोटं बोलणं सरांना जमत नसे. खरं कुठं बोलू नये हेही त्यांना कळत नसे, किंवा कळत असावं आणि त्यातच त्यांना गोडी वाटत असावी. सोलापुरात सात रस्ता चौकातल्या एका दुकानाच्या पाटीवर 'शूद्ध तूप' असं लिहिलं होतं. सर आत गेले आणि मालकाला म्हणाले, "पाटीच अशुद्ध आहे, तुपाचं काय सांगावं?" दुकानातल्या पोरानं रंग आणून पहिला उकार ऱ्हस्व करेपर्यंत ते तिथंच उभे होते. शाळेतले एक शिक्षक अचानक गेले, तेव्हा शोकसभेत सगळे त्यांच्या शिस्तीचं कौतुक करत होते. सर उठले आणि त्यांनी सांगितलं की हे गृहस्थ एकही दिवस वेळेवर आले नाहीत. "माणूस गेला म्हणून त्याची हजेरी बदलत नाही," म्हणाले आणि खाली बसले. पुढच्या रांगेत त्या शिक्षकांची बायको बसलेली होती.

शाळा सुटल्यावर माझा त्यांच्याशी संबंध उरायचं कारण नव्हतं. पण मी एका विमा एजन्सीच्या कचेरीत कामाला लागले आणि आमच्या शिक्षणसंस्थेनं निवृत्त शिक्षकांसाठी काढलेली आरोग्य विम्याची सामूहिक पॉलिसी आमच्याकडंच होती. सर निवृत्त झाले आणि माझ्या टेबलासमोर येऊ लागले. खरं तर ते कमीच यायचे. यायचा तो गुंडूअण्णा, त्यांचा धाकटा भाऊ.

दोघं सख्खे भाऊ आहेत हे कुणाला सांगावं लागायचं नाही. दोघांचीही मान सारखीच, आखूड आणि जाड, शर्टाचं वरचं बटण कधीच लागायचं नाही अशी. बाकी सगळा फरक. सर ताठ, इस्त्रीच्या कपड्यातले, पुस्तकातलं बोलणारे. गुंडूअण्णा लुंगी-शर्टातला, तोंडात तंबाखू, बोलणं मंगळवेढ्याकडचं, जसंच्या तसं राहिलेलं. आई-वडील गेल्यावर सरांनी त्याला गावाहून सोलापुरात आणलं आणि आपल्याच शाळेत, आपल्याच वर्गात घातलं. तो वर्गात झोपायचा. सर त्याला दारात उभं करायचे. तो दाराला टेकून उभ्या उभ्या झोपायचा. आठवीनंतर शाळा सुटली. मग एका कारखान्यात राखणदाराची नोकरी लागली, तिथं झोपला म्हणून गेली. थिएटरवर तिकिटं फाडायचं काम मिळालं, तिथंही तेच झालं. एकदा लग्नाचं जमत आलं होतं. मुलीकडची माणसं घरी बसलेली, पोह्यांच्या बशा हातात, आणि नवरा मुलगा बसल्या जागी घोरायला लागला. सर पाहुण्यांना म्हणाले, "मुलगा बघून झाला आहे. आता मुलगी दाखवायचे श्रम घेऊ नका."

हे सगळं मला गुंडूअण्णानंच सांगितलं, कचेरीतल्या बाकावर बसून, हसत हसत. सांगता सांगता त्याचे डोळे मिटायचे, डोकं छातीवर पडायचं आणि कचेरीभर घोरणं सुरू व्हायचं. मधेच ते एकदम थांबायचं. आम्ही सगळे कामं सोडून बघत राहायचो. मग त्याला उचकीसारखा गचका बसायचा, आणि तो डोळे उघडून विचारायचा, "चहा झाला का, ताई?"

दोघांच्याही नशिबी लग्न नव्हतं. विजापूर रोडकडच्या घरात दोघंच राहत. स्वयंपाक, धुणं, बाजार सगळं गुंडूअण्णाकडं. सर जेवताना भाकरी मोडून तिची कड दाखवायचे. "ही कच्ची," एवढंच म्हणायचे.

मग सरांना त्रास सुरू झाला. दिवसा वाचता वाचता डुलकी लागे, सकाळी डोकं दुखे, रक्तदाब वाढे. एका डॉक्टरीणबाईंनी त्यांना दवाखान्यात ठेवून झोपेची तपासणी केली. झोपेत श्वास अडण्याचा आजार निघाला, स्लीप ॲप्निया. नाक-तोंड झाकणारा मास्क लावून झोपायचं, मशीन नळीतून हवेचा दाब देत राहतं आणि घसा बंद पडू देत नाही. तपासणीचा निकाल सांगून झाल्यावर डॉक्टरीणबाईंचं लक्ष बाहेरच्या खुर्चीकडं गेलं. तिथं गुंडूअण्णा झोपला होता. त्या बराच वेळ त्याचं घोरणं आणि थांबणं ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, सर, यांची तपासणी तुमच्या आधी व्हायला पाहिजे होती. सर म्हणाले, "डॉक्टर, मला आजार आहे. त्याचा स्वभाव आहे."

हेही गुंडूअण्णानंच मला सांगितलं. पुढं म्हणाला, "दादाचं बराबर हाय, ताई. मी ल्हानपनापासनं आळशीच हाय की."

साध्या पॉलिसीत हे मशीन बसत नाही. घरी वापरायचं यंत्र म्हणून ते वगळलेलं असतं. आमच्या संस्थेच्या पॉलिसीला मात्र जादा हप्ता भरून एक जोडकलम घेतलेलं होतं, त्यात ते बसलं. सरांना मशीन मिळालं. वर्षभरानं मास्कची रबरी गादी फाटली, नळी चिरली, तेव्हा विमा कंपनीनं कळवलं की मशीन मंजूर होतं, पण सुटे भाग म्हणजे उपभोग्य वस्तू, त्या मिळणार नाहीत. त्या दिवशी सर स्वतः आले. मला त्यांनी कंपनीच्या पुण्याच्या कार्यालयात फोन लावायला सांगितला. तिकडच्या अधिकाऱ्याचं सगळं ऐकून घेतलं आणि मग वर्गातल्या आवाजात विचारलं, "तुम्ही मला पोहरा दिलात आणि दोर नाकारलात. आता आडातून पाणी मी दातांनी काढू काय?" अधिकारी काहीतरी बोलला. सर म्हणाले, "वडील काय करतात तुमचे?" फोन बराच वेळ चालला. शेवटी कंपनीनं मान्य केलं की वर्षाला मास्क, नळी आणि फिल्टर बदलून मिळतील. संस्थेच्या आणखी काही निवृत्त शिक्षकांना त्याचा फायदा झाला, आजही होतो. ते सगळे सरांना दुवा देतात आणि रस्त्यात दिसले तर पलीकडून जातात.

गुंडूअण्णाला या सगळ्यात जागा नव्हती. पॉलिसीत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि मुलं. भाऊ कुटुंबात येत नाही. मी सरांना एकदा सुचवलं की त्याच्यासाठी वेगळी तपासणी करून घ्या, मशीन विकत घ्या, तुमच्या पेन्शनमध्ये जड नाही. सरांनी माझ्याकडं त्या जुन्या नजरेनं पाहिलं. "बाकी, तू विमा विकतेस की दया?"

त्या वर्षी उन्हाळ्यात सर एका माजी विद्यार्थ्याच्या सत्काराला पंढरपूरला गेले होते. त्यांचं फिल्टर आलं होतं, म्हणून मी दुपारच्या सुट्टीत ते द्यायला घरी गेले. दार उघडंच होतं. गल्लीच्या तोंडापासून ऐकू येणारं ते घोरणं आज नव्हतं. आत डोकावले तर सरांच्या पलंगावर गुंडूअण्णा उताणा झोपलेला, तोंडावर सरांचा मास्क, उशाशी मशीन मंद सूं सूं करत होतं. छाती सावकाश वर जात होती, खाली येत होती. चेहरा असा सैल पडला होता की मला क्षणभर तो कुणी तरणा माणूस वाटला. मी उंबऱ्यावर बसून राहिले. कचेरीत परतायची वेळ टळली तरी उठवेना.

जाग आल्यावर तो घाबरला. मास्क काढून पलंगावरून खाली उतरला, चादर झटकली, ती पुन्हा तशीच ताणून घातली. मग माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड चोळत म्हणाला, "ताई, झोप म्हंजी ही असती व्हय?"

मी फिल्टरचं खोकं त्याच्यापुढं ठेवलं.

"मंग इतकी वर्सं मी काय करत हुतो?"

त्याला स्वप्न पडलं होतं. शेळ्या दिसल्या, म्हणाला, लई शेळ्या, आणि त्या वळायच्या म्हणून तो पळत होता आणि दम लागत नव्हता. दादाला सांगू नका, एवढं त्यानं मला दोनदा विनवलं.

सांगायची गरज पडली नाही. मास्कला तंबाखूचा वास आला. दुसऱ्याच दिवशी सर मास्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून कचेरीत आले, मागं गुंडूअण्णा. नवा मास्क हवा, म्हणाले. कारण विचारलं तर ते खरं तेच सांगणार हे मला माहीत होतं, म्हणून मी आधीच म्हटलं, सर, खराब झाला एवढं पुरे आहे. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ते मागं वळले आणि गुंडूअण्णाला म्हणाले, "सांग यांना, काय केलंस."

कचेरीत तेव्हा बरीच माणसं होती. गुंडूअण्णा सगळ्यांकडं बघून ओशाळं हसला.

"दादाचं नाक लावून झोपलो," म्हणाला.

सगळे हसले. तोही हसला. सर हसले नाहीत. त्यांनी अर्जावर स्वच्छ अक्षरात लिहिलं की माझ्या भावाने वापरल्यामुळे मास्क दूषित झाला आहे.

कंपनीचं उत्तर लवकर आलं. विमा नसलेल्या व्यक्तीनं उपकरण वापरल्यामुळे सुट्या भागांची सोय थांबवण्यात येत आहे. घरातली दुसरी कोणतीही व्यक्ती उपकरण वापरणार नाही अशी विमाधारकानं लेखी हमी दिल्यास फेरविचार होईल. मी सरांना म्हटलं, द्या की हमी, एका ओळीचं काम आहे. सर म्हणाले, तो घरात असताना मी अशी हमी देऊ शकत नाही. त्यानं एकदा वापरलं आहे, पुन्हा वापरणार नाही हे मला कसं माहीत? जे माहीत नाही त्यावर मी सही करत नाही.

जुना मास्क उकळून वापरा, असं मी सुचवलं. ते त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. भावाच्या तोंडचा मास्क ते लावणार नव्हते. मशीन भिंतीकडं सरकवून ठेवलं. महिन्याभरातच त्यांचा चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला आणि माझ्यासमोर बसून बोलताना वाक्यं मधेच तुटायला लागली. तेव्हा मी सगळं बळ एकवटून पुन्हा विषय काढला. म्हटलं, सर, तुम्हाला जे होतंय तेच गुंडूअण्णाला जन्मभर झालंय. त्याला मशीन घ्या म्हणजे तो तुमच्या मशीनला हात लावणार नाही, आणि हमीही खरी होईल.

सरांचे डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणाले, "त्याला आजार आहे असं मानलं, तर माझं पहिल्यापासूनचं गणित चुकलं असं होतं."

"चुकलं असेल, सर."

"माझं चुकत नाही."

हमी खरी करायचा दुसरा मार्ग त्यांनी काढला. मंगळवेढ्याजवळ बोराळकरांचं थोडं काळं रान होतं, त्यात वाटेकरी शाळू ज्वारी पिकवायचा. दिवाळी झाल्यावर सरांनी गुंडूअण्णाला तिकडं राखणीला पाठवायचं ठरवलं. रानात पत्र्याची खोली होती. तिथंच राहायचं, सोलापुरात यायचं नाही. जायच्या दिवशी तो कापडी पिशवी घेऊन कचेरीत आला. चहा घेतला. शाळू हुरड्याला आला की या, म्हणाला, मुलांना घेऊन या. दादाचं जेवण शेजारच्या बाई बघणार हायेत, पण भाकरी त्यांना जमत न्हाय, दादा बोलंल त्यांना. ही काळजी करत तो बसला होता.

मी विचारलं, डॉक्टरीणबाईंकडं जाऊन येऊ या का, मी येते बरोबर. तो पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिला.

"न्हाय, ताई," म्हणाला. "आजार निगाला तर दादाला वाईट वाटंल."

तो गेला. सरांनी हमी लिहून दिली. पण कंपनीत ती अडकून पडली, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर.

शाळू हुरड्यात आला होता तेव्हाची गोष्ट. वाटेकरी सकाळी रानात गेला तर पाखरं कणसांवर तुटून पडलेली आणि त्यांना हाकलायला कुणी नाही. खोलीत गुंडूअण्णा घोंगडीत होता. अंग गार पडलेलं होतं. वाटेकरी म्हणाला, तोंड उघडं होतं, हाक मारायच्या बेतात असावा तसं.

मी सरांच्या घरी भेटायला गेले. चारदोन माणसं बसली होती. कुणीतरी म्हणालं, त्रास झाला नाही हे तरी बरं. सर खुर्चीत ताठ बसले होते. म्हणाले, "झोपेत गेला. त्याच्या आवडीची गोष्ट होती." कुणी हसलं नाही. सरांनी एकेकाकडं पाहिलं. हसायची वाट बघत होते की काय, मला सांगता येणार नाही.

दिवसकार्य झाल्यावर पुण्याहून पडताळणीसाठी फोन आला. मी तो सरांना जोडून दिला आणि ऐकत राहिले, कारण ते आमच्या कामाचंच होतं. पलीकडच्या मुलीनं विचारलं की आपल्या घरात आपल्याशिवाय दुसरं कोण राहतं.

"कोणी नाही," सर म्हणाले.

पूर्वी एक भाऊ राहत असल्याची नोंद आहे, ती म्हणाली.

"होती."

तिनं आभार मानले. संध्याकाळपर्यंत मंजुरी आली. नवा मास्क, नवी नळी, फिल्टर, सगळं. हे प्रकरण इतक्या लवकर आणि इतकं सरळ कधीच सुटलं नव्हतं.

ते सामान मी स्वतः घेऊन गेले. घरात केर साचला होता. ताटलीत अर्धी भाकरी, तिची कड मोडून बाजूला ठेवलेली. सरांनी खोकं उघडलं, मास्क उजेडात धरून सगळीकडून बघितला, नाकावर टेकवला आणि माझ्याकडं पाठ करून बसले.

"मागचा पट्टा बांध," म्हणाले. "माझे खांदे धरले आहेत. हात मागं जात नाहीत."

मी पट्टा ओढला. सैल आहे, म्हणाले. आणखी ओढला. आता घट्ट आहे. कानाच्या खालून घे. तिथून नाही. त्यांच्या मानेवर दोन जाड वळ्या होत्या आणि त्या वळ्यांमध्ये पट्टा नेमका कुठं बसवायचा ते मला समजेना. मी पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. माझी बोटं त्यांच्या मानेला लागली तेव्हा ते आक्रसले.

"त्याला एका हातानं जमायचं," ते म्हणाले. हे त्यांनी मला हिणवण्यासाठीच म्हटलं असावं. आवाज तोच होता.

शेवटी पट्टा बसला. मी समोर आले. मास्कच्या आत ते काहीतरी बोलत होते, मशीन अजून लावलेलं नव्हतं, आणि श्वासानं प्लास्टिक धुरकट होत होतं. मी कान जवळ नेला.

"सकाळी हा सोडवायला कोण येणार?" ते विचारत होते.

मी म्हटलं, शेजारच्या बाईंना सांगून जाते. त्यांनी नाही म्हणून हात हलवला. मग मी पट्टा सोडवला, मास्क खोक्यात ठेवला, खोकं त्यांच्या हाताला येईल असं ठेवलं. चपला घालताना मागं वळून पाहिलं. सर तसेच बसलेले होते, भिंतीकडं तोंड करून, मान किंचित खाली घालून, कुणीतरी मागून येऊन पट्टा बांधायची वाट बघावी तसे.